सहा कोटी वर्षांची गोगलगाय

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. ज्यांच्याबद्दल आहे ते आता नाहीत, आणि मला यातलं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं, म्हणून बोटं अडायची. पण परवा अंकुशशी फोनवर बोलणं झालं. आता नाही लिहिलं तर मग कधीच नाही. दुकानात बसूनच टाइप करतोय. गिऱ्हाईक आलं की तुटेल, तेवढं चालवून घ्या.

तर सकाळ होती. जुलै महिना. शटर वर केलं आणि मागच्या मोरीत गेलो. तिथे स्टीलचं घमेलं तसंच पडलेलं, आदल्या दिवशीच्या गाळासकट. कंटाळा आला म्हणून फेकला नव्हता. आता फेकायला उचललं तर घमेल्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या वर, तिळासारखे ठिपके चिकटलेले. मी बोटाने पुसणारच होतो. एक ठिपका हलला.

मी घमेलं खाली ठेवलं. लेन्स आणली. ठिपका चालत होता.

आधी मी कोण ते सांगतो. वणीत बसस्टँडच्या मागे माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय केलंय, पुढे काही नाही. बोर्डावरचे बारीक पार्ट बसवायला दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप लागतो, तो माझ्याकडे आहे. त्या मायक्रोस्कोपमुळेच देवतळे सर माझ्याकडे आले. म्हणजे आले होते फुटलेला डिस्प्ले बदलायला. कॉलेजातून रिटायर झालेला माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मायक्रोस्कोप बघितला आणि खिशातून औषधाची एक रिकामी कॅप्सूल काढली. आतून वाळूच्या कणाएवढं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, बघ.

शंख होता. माझ्या चिमट्याच्या टोकापेक्षा लहान. चार वेढे, आणि शेवटचा वेढा वळून वर गेलेला, म्हणजे तोंड आभाळाकडे, तुतारीसारखं. तोंडात दात. मी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, हा सहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लाव्हा वाहत होता त्या काळातला. जगात फक्त इथल्या एका बर्डीवर, म्हणजे टेकडीवर, सापडतो आणि याला नाव मी दिलंय.

नाव त्यांनी बायकोचं दिलं होतं. शास्त्रज्ञ लोकांत स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही, दुसऱ्या कुणाचं द्यायचं असतं. काकूंचं नाव कुसुम, तर शंखाचं लॅटिन नाव कुसुमी. तीस वर्षांपूर्वी सरांनी त्याच्यावर मोठा निबंध लिहिला. इंग्लंडच्या कुणीतरी तेव्हा लिहिलं की हे शंख एवढे जुने नसावेत. सर त्याच्याशी पाच-सहा वर्षं भांडले आणि जिंकले. ती भांडणाची गोष्ट ते नेहमी सांगायचे आणि दरवेळी शेवटी गालात हसायचे.

मग मी त्यांचा चेला झालो. दुकान बंद असलं की बर्डीवर जायचं, माती आणायची, वाळवायची, पाण्याने भरलेल्या घमेल्यात ओतायची. थरातून सुटून मातीत आलेल्या रिकाम्या शंखात हवा असते, ते तरंगतात. चहाच्या गाळणीने वरचे काढून घ्यायचे. खाली बसलेला गाळ फेकायचा. ही सरांची रीत. तीस वर्षं त्यांनी असंच केलं, त्यांच्या विद्यार्थ्यांनी असंच केलं, मीही तेच करत होतो.

आता कळलं ना? ज्या शंखात जीव आहे तो भरलेला असतो. तो तरंगत नाही, बुडतो. आम्ही सगळे जिवंत फेकत होतो आणि मेलेले जपून ठेवत होतो.

मी अंकुशला फोन लावला.

अंकुश टेकाम माझा आयटीआयचा दोस्त. तो इलेक्ट्रिशियन, कोलाम आदिवासी. बर्डीच्या पायथ्याशी त्याचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती. दहा-बारा कुडाची घरं, आता त्यातली काही विटांची. बर्डीवर मला तोच न्यायचा. त्याला शंखांचं काही पडलेलं नव्हतं. मी खाली बसून माती चाळायचो आणि तो झाडाला टेकून मोबाईल बघत बसायचा. "हर्ष्या, तुले पोरगी कोणी देणार नाई बे," म्हणायचा. "बाप इचारन पोरगा का करते, तर माती धुते."

पण त्या वर्षी त्याला त्या मातीची गरज पडली होती. बर्डी चुनखडीची. शेजारी सिमेंटची खदान होतीच, ती वाढवत आणून कंपनीला अख्खी बर्डी हवी होती. बर्डी गेली की सुरुंगाच्या हद्दीत पोड येतं, म्हणजे पोड उठणार. ऑगस्टमध्ये जनसुनावणी लागली होती. ग्रामसभेने नाही म्हणून ठराव केला, पण एका साहेबाने पोडातल्यांना बाजूला घेऊन सांगितलं की ठरावाने थांबत नाही. तुमच्याकडे असं काही आहे का जे दुसरीकडे कुठंच नाही? एखादं झाड, पाखरू, काहीही. एखाद्या जाणकाराने तसं समोर येऊन सांगितलं तर अभ्यास लावावा लागतो, आणि अभ्यास लागला की काम अडतं.

तेव्हा अंकुशने मला विचारलं होतं, तुझा तो शंख चालन का? मी सरांना विचारलं. सर म्हणाले, जीवाश्म चालणार नाही रे. जे मेलेलंच आहे त्याला वाचवणार कसं?

म्हणून फोनवर मी एवढंच म्हणालो, अंक्या, ती जिवंत आहे.

तो अर्ध्या तासात गाडीवर आला. मी एक घमेल्यातून उचलून मायक्रोस्कोपखाली ठेवली होती. त्याने डोळे लावले. खाली बघणारा माणूस काय बघतोय ते वरून दिसत नाही, फक्त त्याची मान दिसते. मग म्हणाला, "हे तं शिंगं काढून राह्यली बे."

"हो."

"अन् हे जगात कुठंच नाई."

"सर सांगतील. पण हो."

त्याने परत डोळे लावले. "थांबा म्हना बाई," गोगलगायीला म्हणाला, "तुमाले सुनावणीले यायचं हाय."

मी एक काम अजून केलं. सरांनी मला एक दगड भेट दिला होता, त्यांच्या मूळ थरातला, ज्यात एक शंख अर्धा बाहेर आलेला दिसतो. मी तो कपाटात काचेखाली ठेवला होता. तो काढला. जी गोगलगाय आज चालतेय तीच सहा कोटी वर्षांपूर्वी होती, हे मला पटत नव्हतं. असं होत नाही असं नाही, पण वेढे तेवढेच, दात तेवढेच, सगळं जसंच्या तसं. टाचणीने शंखाच्या बाजूचा चुना खरवडायला लागलो. असलं काम मला जमतं, रोजचंच आहे. खरवडता खरवडता एक हिरवं टोक लागलं. वाटलं स्फटिक. अजून काढलं तर वाकडं, गोल, गुळगुळीत.

बांगडी होती. काचेच्या बांगडीचा तुकडा. त्याच दगडात, शंखाला चिकटून.

अंकुशला दाखवली तर तो म्हणाला, पाझरावरची असन. बर्डीच्या कड्यातून पाणी पाझरतं तिथे पोडातल्या बाया पिढ्यान्पिढ्या धुणी धुतात. त्या पाण्यात चुना असतो. त्याखाली काही पडलं की थोड्या वर्षांत त्यावर पांढरा दगड चढतो. पानावर चढतो, काडीवर चढतो. मेलेल्या गोगलगायीवर पण चढत असणार. तो पांढरा दगड जुन्या थराला असा बसतो की वेगळा ओळखू येत नाही. इंग्लंडचा माणूस बरोबर म्हणत होता.

मला त्यात सरांचं काही बिघडतं असं वाटलंच नाही, खरंच. मला वाटलं ते नाचतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. सोबत डबीत ओल्या मातीवर चार जिवंत, दोन बाटल्यांत स्पिरिटमध्ये एकेक, आणि दगड. काकूंनी चहा टाकला. सर खुश होते, अंकुशला पोडातल्या कुणाकुणाची नावं घेऊन विचारत होते, जुन्या ओळखी त्यांच्या. मी डबी उघडली आणि म्हणालो, सर, एक बघा.

त्यांनी आपल्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. दिवा लावला. थंड माती होती म्हणून तिला बाहेर यायला वेळ लागला. सर वाट बघत राहिले. मग त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

"अरे," ते हळूच म्हणाले. "शंख पाठीवर उलटा घेऊन चालते. तोंड वर म्हणून उलटा. मी नेहमी विचार करायचो, ही चालत कशी असेल."

अंकुशने मला कोपराने ढोसलं. काम झालं म्हणून.

"कुसुम," सरांनी आत हाक मारली. "इकडे ये. लवकर ये."

काकू पदराला हात पुसत आल्या. सर उठले, खुर्ची त्यांच्यासाठी सरकवली. मी नेमका तेव्हा दगड पुढे केला. म्हणजे मुद्दाम नाही, मला वाटलं आता सगळंच एकदम दाखवू. म्हटलं, सर, आणि हे पण बघा, तुमच्याच दगडात निघालं.

त्यांनी दगड लेन्सखाली धरला. बांगडी तर नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती.

काकू खुर्चीत बसून मायक्रोस्कोपात डोळे लावत होत्या, त्यांना जमत नव्हतं. "काय आहे हो? मला तर काळंच दिसतंय."

सर दगडाकडे बघत होते. मग म्हणाले, "काही नाही. गोगलगाय आहे."

"त्यासाठी बोलावलं होय," काकू म्हणाल्या आणि चहा उतू जाईल म्हणून आत गेल्या.

मी बोलत सुटलो. म्हटलं, सर, नाव जात नाही. मी नियम वाचलेत. आधी दिलेलं नाव तसंच राहतं, कुसुमीच राहणार, फक्त जीवाश्मांच्या यादीतून निघून जिवंतांच्या यादीत येणार. उलट मोठीच गोष्ट आहे. तुम्ही लिहा, मी फोटो काढून देतो. आणि सुनावणीत तुम्ही उभे राहिलात की पोड वाचलं.

सर ऐकत होते. त्यांनी दगड टेबलावर ठेवला, पेपराने झाकला.

"हा राहू दे माझ्याकडे," म्हणाले. "आणि एक बाटली ठेव. नीट तपासतो. घाई करायची नसते यात."

"पन येसान ना सर?" अंकुश म्हणाला. "सुनावणीले?"

"येतो ना. का नाही येणार?"

खाली उतरल्यावर अंकुश म्हणाला, मानूस चांगला हाय. मीही हो म्हणालो. डबीतल्या चौघी आम्ही त्याच संध्याकाळी बर्डीवर नेऊन पाझराजवळ सोडल्या. आता वाटतं ठेवायला हव्या होत्या. पण गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही, ही पण सरांचीच शिकवण.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव, खुर्च्या, पुढे साहेब लोक, एका बाजूला कंपनीची माणसं. शेजारच्या गावांतले पुष्कळ लोक खदान हवी म्हणणारे होते, त्यांची पोरं तिथे कामाला. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पोडातले सगळे आले होते, बायका पोरांना घेऊन मागे जमिनीवर बसलेल्या. सर पुढच्या रांगेत. पांढरा शर्ट, दोन पेन.

अंकुश उठला. त्याने सगळं पाठ केलं होतं, मीच लिहून दिलेलं. आमच्या बर्डीवर एक जीव हाय, तो जगात दुसरीकडं कुठंच नाई. पहिल्यांदा अडखळला, मग नीट बोलला. मग मला उभं केलं. मी बाटली दिली. साहेबांनी ती उजेडात धरली, हलवली, शेजारच्याला दिली, त्याने पुढच्याला. कुणालाच काही दिसेना. एकजण म्हणाला, यात आहे का काही, का नुसतंच पाणी आणलं? लोक हसले.

साहेबांनी मला विचारलं, आपण काय करता? मी सांगितलं. तर मागून कुणीतरी म्हणालं, "मोबाईलवाल्या, मग शंखाले रेंज येते का?" आता मांडवच हसला. मी बांगडीचं सांगायला लागलो, तर दगड कुठे आहे म्हणून विचारलं. दगड सरांकडे होता. मी सरांकडे बघितलं.

साहेबच म्हणाले, कंपनीच्या अहवालातच देवतळे सरांचा निबंध जोडलेला आहे, ते इथे बसलेले आहेत, तेच सांगतील.

सर उठले. बाटली घेतली. खिशातून लेन्स काढली, उजेडाकडे पाठ केली आणि बघायला लागले. खूप वेळ बघितलं. पोडातल्या बायकासुद्धा उठून उभ्या राहिल्या होत्या. अंकुशने माझं मनगट धरलं होतं, ते मला मागाहून दुखलं तेव्हा कळलं.

मला अजून वाटतं की उठताना त्यांनी काही ठरवलं नव्हतं. त्या लेन्समधून बघता बघता ठरवलं.

"या टेकडीवर जे दुर्मिळ शंख आहेत ते जीवाश्म आहेत," सर म्हणाले. वर्गात बोलत तसा आवाज. "सहा कोटी वर्षांपूर्वी संपलेले. ते मी प्रसिद्ध केलेलं आहे. या बाटलीत जे आहे ते वेगळं आहे." आणि एक लॅटिन नाव घेतलं. "ही साधी जात आहे. सगळीकडे मिळते. नागपूरला बागेतल्या कुंडीतही मिळेल. मुलं उत्साही आहेत, त्यांची गल्लत झाली."

कारकुनाने नावाचं स्पेलिंग विचारलं. सरांनी एकेक अक्षर सांगितलं. बरोबर सांगितलं.

मग बाटली मला परत दिली. देताना टोपण सैल आहे असं त्यांच्या लक्षात आलं असावं, त्यांनी ते पिळून घट्ट केलं. स्पिरिट उडून गेलं की आतलं वाळतं, बिघडतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. माझ्याकडे बघितलं नाही. टोपणाकडे बघितलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. अभ्यास लागला नाही. मी दोन-तीन ठिकाणी मेल टाकले, कुणी उत्तर दिलं नाही, फक्त एकाने कळवलं की देवतळे साहेबांना विचारा. दीड वर्षात बर्डीचा निम्मा भाग गेला. पाझर आटला. पोड उठलं आणि डांबरी रोडच्या कडेला कॉलनीत गेलं. घरं पक्की आहेत, नळ आहेत, असं कुणी विचारलं की अंकुश सांगतो. आणि मग सांगतो की त्याची आजी वर्षभर रोज संध्याकाळी पोडाच्या दिशेने चालायला लागायची आणि त्याला गाडीवर जाऊन तिला परत आणावं लागायचं. शेवटी ती चालायचीच बंद झाली.

सुनावणी झाली त्या संध्याकाळी आम्ही टपरीवर बसलो होतो. पोडात सगळे म्हणत होते, मास्तर विकला गेला. अंकुशने मला विचारलं, कितीत गेला असन?

मी म्हणालो, एक रुपया नाही घेतला. मी त्यांना ओळखतो. मग त्याला पहिल्यांदा नीट सांगितलं, तो इंग्लंडचा माणूस, ते भांडण, तो निबंध. ही जिवंत निघाली की सरांचे सहा कोटी गेले आणि तो माणूस खरा ठरला. एवढंच.

अंकुशने चहा खाली ठेवला.

"पैशे खाल्ले असते तं बरं वाटलं असतं बे," तो म्हणाला. "पोरगी लग्नाची असन, घर बांधाचं असन, काई बी. मानूस पैशे खाते, समजते. हे मी घरी का सांगू? आमचं पोड कायच्यापायी गेलं म्हनू?"

मी उठून दोन्ही चहाचे पैसे दिले.

सर पुन्हा दुकानात आले नाहीत. एकदा काकू फोनची बॅटरी बदलायला घेऊन आल्या. तुमचं काय बिनसलं रे, म्हणाल्या, तुझं नाव काढलं की उठून आत जातात. मी म्हटलं, काही नाही काकू, कामात असतो. त्यांना काय सांगणार होतो? त्यांचंच नाव होतं ते. त्यांना ती दिसली पण नाही.

मी पैसे घेतले नाहीत बॅटरीचे. त्यांनी जबरदस्तीने ठेवले.

तिसऱ्या वर्षी सर गेले. मी मयतीला गेलो नाही. अंकुश गेला. मला नंतर कळलं, तर मी चिडलो त्याच्यावर. तो म्हणाला, मयतीले जावं लागते बे, ते वेगळं.

आता हे एवढ्यात झालेलं. पुण्याच्या एका मॅडमचा मेल आला, इरावती गोसावी म्हणून. देशातल्या सगळ्या बारक्या गोगलगायींची यादी करताहेत, जिवंत आणि जीवाश्म, दोन्ही एकत्र. माझा जुना मेल त्यांना कुणाच्या तरी ढिगात सापडला. नमुना आहे का विचारलं. मी ती बाटली स्वतः घेऊन गेलो, कुरियरवाले स्पिरिट घेत नाहीत. मॅडमनी तपासायला वेळ घेतला, पण तपासलं. तीच आहे म्हणाल्या. कुसुमी. शंका नाही. जिवंत होती, आणि सरांचे सगळे नमुने हजार-पाचशे वर्षांच्या आतले असणार. मला म्हणाल्या, यादीच्या त्या भागावर तुमचं नाव माझ्या नावासोबत येईल. आयटीआय पास माणसाचं नाव. मी त्या दिवशी बसमध्ये उभा होतो, जागा असून.

मग त्यांनी विचारलं, अजून कुठे सापडते का? मी सांगितलं की आसपासच्या सगळ्या बर्ड्या मी आणि अंकुशने तीन पावसाळे चाळल्या. गाळ पण बघितला, गाळच आधी बघितला. कुठेही नाही. आणि ती बर्डी? आता खड्डा आहे. खाली हिरवं पाणी साचलंय.

मॅडमनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, संपलेल्या जातीच्या नावाआधी एक खूण करतात, सुऱ्यासारखी दिसते. ती करावी लागेल. आणि ही खूण असलेल्यांची यादी जीवाश्मांबरोबर एकत्र येते, काळ मागच्या तक्त्यात दिलेला असतो.

म्हणजे ती परत तिथेच गेली. सरांनी सांगितलं होतं की ती मेलेली आहे. तेव्हा नव्हती. त्यांच्या सांगण्याने झाली. आणि आता पुस्तकात ते बरोबर दिसणार.

हे मी परवा अंकुशला फोनवर सांगितलं. तो एका साईटवर वायरिंग करत होता, मागे ड्रिलचा आवाज. आधी तो हसला. मग ड्रिलवाल्याला थांब म्हणाला.

"मार ते सुऱ्याची खून," म्हणाला. "मेली तं मेली म्हन. खोटं कायले? पन तिच्यापुढं साल लिही."

मी म्हटलं, साल लिहायची पद्धत नाही अंक्या, काळ लिहितात.

"पद्धत नसन तं पाड. कोनत्या साली मेली ते लिही. कशानं मेली ते बी लिही. नाई तं उद्या कोनी वाचन अन् म्हनन, हां, हे जुनी भानगड हाय, सहा कोटीची, याच्यात कोनाचा का दोष. माही बुढी बी त्याच्यातच जाईन मग. पोड बी त्याच्यातच जाईन."

मी म्हटलं, मॅडमना विचारतो.

"इचारू नोको. सांग."

मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो गेला नाही, फोन धरून थांबला. मला माहीत होतं कशासाठी थांबलाय.

मी म्हणालो, "अंक्या, साल छापून आलं नाही, तर माझं नाव पण त्यात येणार नाही. शब्द देतो तुला."